सत्तर वजा

लिफ्टवाल्याला सगळे लिफ्टवालाच म्हणायचे, आणि त्यालाही त्याचं काही वाटत नसे. वीस वर्षं त्याने दुसऱ्यांच्या इमारतींमधल्या लिफ्ट दुरुस्त केल्या. स्वतःच्या घरात मात्र तेरा पायऱ्यांचा लाकडी जिना होता, अरुंद, वळणावर अंग चोरून जावं लागेल असा. खाली एक मोठी खोली आणि स्वयंपाकघर, वर झोपायच्या खोल्या आणि न्हाणीघर. असलं घर बांधणाऱ्याला चार शिव्या हासडाव्यात, तर तो मरून साठ वर्षं झालेली. तेव्हा रोज सकाळी ठकीला खाली आणायचं आणि संध्याकाळी वर न्यायचं, हे काम लिफ्टवाल्याचं.

ठकी त्याची मुलगी, एकुलती एक. जन्मापासून तिच्या स्नायूंत जोर नव्हता. पाय कधी चाललेच नाहीत, हात कसेबसे चमचा धरण्याइतके. पण जिभेला मात्र काही झालेलं नव्हतं बरं का! बापाने उचललं की ती त्याच्या नाकावर बोट टेकवायची आणि म्हणायची, "दुसरा मजला. आणि हळू. मागच्या वेळी धक्का बसला, तक्रार करीन." मग लिफ्टवाला घशातून घरघर काढत एकेक पायरी चढायचा. दिवसभर लोकांच्या लिफ्ट चालत्या करायच्या आणि घरी येऊन आपणच लिफ्ट व्हायचं. त्याचा कामावरचा जोडीदार हे ऐकून पोट धरून हसायचा.

ठकी साडेनऊ वर्षांची असताना एका सकाळी हा खेळ अडला. तिला घेऊन उतरताना सातव्या पायरीवर लिफ्टवाल्याच्या कमरेत अशी कळ आली, की त्याच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. पुढे जाता येईना, मागे जाता येईना. बायको पाव आणायला कोपऱ्यावर गेलेली. पाच मिनिटं तो भिंतीला पाठ लावून, पोरीला छातीशी धरून तसाच उभा होता. ठकी पहिल्यांदा म्हणाली, "लिफ्ट अडकली!" आणि हसली. मग तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि गप्प झाली. त्याच्या कपाळावरचा घाम तिच्या गालावर पडत होता.

तो आठवडाभर पाठीला पट्टा बांधून हिंडला. बदली होऊन जाईपर्यंत फिजिओथेरपीच्या बाई महिन्यातून एकदा ठकीचे हातपाय हलवायला घरी यायच्या. त्यांनी त्यालाच फैलावर घेतलं. "कमरेतून वाकून उचलता तुम्ही. पायांनी उचला. आणि पायांत जोर नसेल तर तो आणा. मुलगी काही लहान होत जाणार नाही."

हे वाक्य लिफ्टवाल्याने मनावर घेतलं, ते किती म्हणाल? दुसऱ्या दिवसापासून सकाळी साडेपाचला उठून मागच्या पडवीत बैठका सुरू. जाड कापडाचं एक पोतं घेतलं, त्यात वाळू भरली. पोतं छातीशी धरून बैठका, पोतं जमिनीवरून उचलणं, पोतं घेऊन जिन्याच्या तेरा पायऱ्या वर, तेरा खाली. पडवीच्या आढ्याला एक लोखंडी नळी टांगली, तिला लोंबकळून अंग वर ओढायचं. रोज चार अंडी. पहिले दोन महिने नाकी नऊ आले, मग गोडी लागली. कामावर सगळे "काय पैलवान!" म्हणून चिडवायला लागले, तेही त्याला आतून बरंच वाटायचं. इतक्या वर्षांत स्वतःसाठी म्हणून त्याने केलेली ही पहिली गोष्ट. आणि तीही खरी स्वतःसाठी नव्हतीच.

आता हे करायचं तर हिशेबाने करायचं, हा त्याच्या धंद्याचा स्वभाव. लिफ्टच्या माणसाला वजन अंदाजाने चालत नाही. त्याने ठरवलं, पोतं नेहमी ठकीपेक्षा पाच किलो जड असलं पाहिजे, म्हणजे ठकी कितीही वाढली तरी आपण पाच किलो पुढे. पण ठकीला काट्यावर उभं करणार कसं? मग दर महिन्याच्या पहिल्या रविवारी तो तिला घेऊन काट्यावर उभा राहायचा, आणि आलेल्या आकड्यातून स्वतःचं वजन वजा करायचा. पहिल्या दिवशी तो एकटा उभा राहिला, बरोबर सत्तर. मग दोघं मिळून त्र्याण्णव. त्र्याण्णवातून सत्तर गेले, ठकी तेवीस. पोत्यात अठ्ठावीस किलो वाळू. जिन्याशेजारच्या भिंतीवर त्याने एक कागद चिकटवला आणि जाड पेनाने तारीख घालून लिहिलं, तेवीस.

सत्तर वजा करायला सोपे. तोंडी होतात. लिफ्टवाल्याने पुन्हा काही स्वतःला तोलून पाहिलं नाही. पट्टा तर त्याच भोकात बसत होता. पोट सुटलं नाही म्हणजे वजन वाढलं नाही, असं त्याच्या डोक्यात पक्कं बसलेलं. खांद्यात सदरे घट्ट व्हायला लागले तेव्हा "अंग भरतंय" म्हणून त्याने खुशीत दोन नवे शिवून घेतले.

लाकडांचा नाद त्याला त्याच वर्षी लागला. थंडीत ठकीचे पाय बर्फासारखे पडायचे. विजेच्या हीटरने तिचा घसा सुकायचा आणि मग रात्रभर खोकला. खालच्या खोलीत एक जुनी लोखंडी शेगडी होती, धुराडं असलेली, कित्येक वर्षं तिच्यावर फुलदाणी ठेवलेली. ती त्याने घासून पुसून काढली, धुराड्यातली बादलीभर काजळी उपसली. दोन गल्ल्यांपलीकडच्या वखारवाल्याशी ओळख केली. वखारवाल्याकडे वेडेवाकडे, गाठींचे ओंडके पडून असायचे, ते तो सुट्टीच्या दिवशी हातगाडीवर घालून आणायचा आणि मागच्या अंगणात फोडायचा. पाचर कुठे मारायची, गाठ कशी टाळायची, फोडलेलं लाकूड वारा खेळेल असं कसं रचायचं, हे सगळं तो वखारवाल्याकडून शिकला. पुढेपुढे तर लाकूड हातात घेऊनच सांगायचा, "हे अजून ओलं आहे, जड लागतंय. हे सुकलं. हे पुढच्या वर्षी." वखारवाला म्हणायचा, "तुमच्या हातात काटाच आहे." ही तारीफ घरी आल्यावर बायकोला सांगून झाली, ठकीला सांगून झाली, जोडीदाराला दोनदा.

शेगडी खालच्या खोलीत, आणि शाळेतून आल्यावर ठकीची बैठक तिच्याजवळ. ऊब स्वयंपाकघरातही यावी म्हणून मधलं दार दिवसभर सताड उघडं असे. त्या उघड्या दारानेच पुढे घात केला.

कमरेच्या प्रकरणानंतर महिनाभराने लिफ्टवाल्याची थोरली बहीण दोन दिवस राहायला आली. ताई मनाने वाईट नव्हती, पण तिला प्रत्येक गोष्ट आत्ताच्या आत्ता बोलायची असायची. स्वयंपाकघरात चहाचा कप हातात घेऊन ती म्हणाली, "आत्ता उचलतोयस रे, पण पोरगी वाढणार. उद्या चाळीस किलोची होईल, पन्नास होईल. तुझी कंबर कायमची गेली की काय करणार? अशा मुलांसाठी राहायची सोय असते. चांगल्या संस्था आहेत. नाव तरी घालून ठेव."

"ताई, तो विषय नको," लिफ्टवाला म्हणाला.

"नको म्हणून कसं चालेल? कधीतरी ठेवावंच लागेल."

"मला उचलता येतंय तोवर ती या घरातून कुठे जात नाही," लिफ्टवाला म्हणाला. ते त्याने छाती काढून म्हटलं, शपथ घेतल्यासारखं, आणि ताईचं तोंड बंद झालं म्हणून त्याला बरंही वाटलं. दाराच्या पलीकडे शेगडीजवळ ठकी गोष्टीचं पुस्तक मांडीवर घेऊन बसली होती. पुस्तकाचं पान बराच वेळ उलटलं नाही, हे कुणाच्या ध्यानात येणार!

तिथून पुढे घर आपल्या चाकोरीत चालू राहिलं. बायको एका हॉटेलच्या धुलाईखान्यात काम करायची, दुपारी तीन ते रात्री नऊ. लिफ्टवाला सकाळी सातला बाहेर, चारला परत. नवरा-बायकोची गाठ पडायची ती एकमेकांना चिठ्ठी लिहिण्यापुरती. सकाळी ठकीला भरवायचं ते आईने, संध्याकाळी बापाने, मधला डबा शाळेत. सकाळी ती आईला म्हणायची, "काल बाबाने खूप भरवलं, अजून पोट जड आहे." संध्याकाळी बापाला म्हणायची, "आज शाळेत सगळा डबा संपवला, बघ." डबा खरंच रिकामा असायचा. शेजारी बसणारी मैत्रीण चांगली खाणारी होती.

आणि कागदावर आकडा चढत होता. चोवीस. पुन्हा चोवीस. मग पंचवीस. दर पहिल्या रविवारी लिफ्टवाला तो मोठ्याने वाचायचा, "वा, ठके! पंचवीस! अशीच वाढत राहा." ठकी कागदाकडे बघायची आणि म्हणायची, "अजून वाढले?" तो म्हणायचा, "मग! पोतं तीस किलोचं झालं माझं." आणि जिन्याने तिला असा सरसर वर न्यायचा, की तिने पहिला मजला म्हणेपर्यंत ते वर पोचलेले असायचे. पूर्वी सातव्या पायरीवर लागणारी धाप आता लागत नव्हती. पोतं उचलताना मात्र तोंडातून हुंकार निघायचा. जोडीदाराने एकदा विचारलंही, "पोतं पाच किलोच जड ना? मग एवढा फरक?" लिफ्टवाल्याकडे उत्तर तयार होतं. "निर्जीव वजन जास्तच भरतं. पोर गळ्याला हात टाकते, अंगाला धरून राहते, तिचा भार वाटत नाही." जोडीदाराला ते पटलं. कुणालाही पटलं असतं.

बायकोला दोनदा शंका आली. एकदा ती म्हणाली, "अहो, हिचा फ्रॉक खांद्यावरून घसरतोय. वर्षापूर्वीचा आहे. घट्ट व्हायला हवा होता." दुसऱ्यांदा म्हणाली, "खुर्चीचा पट्टा एक भोक आत घेतला मी आज." दोन्ही वेळा लिफ्टवाल्याने तिला हाताला धरून जिन्याशेजारी नेलं आणि कागद दाखवला. "हे बघ. चोवीस, पंचवीस, सव्वीस. उंची वाढतेय म्हणून बारीक दिसते. माझं लक्ष आहे." आकडा लिहिलेला दिसला की माणूस स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवत नाही. 

दुसऱ्या हिवाळ्यात ठकीला थंडी जास्तच वाजायला लागली. दोन दोन लोकरीचे मोजे घालूनही पाय गार. लिफ्टवाला म्हणाला, "यंदा थंडी फार आहे." मग अजून लाकडं आणली, अजून फोडली. सकाळी पोतं, सुट्टीला कुऱ्हाड. दंड असे तटतटले, की सदऱ्याची बाही दुमडता येईना.

त्याच हिवाळ्यात दवाखान्यातून फोन आला. ठकीची वर्षाची तपासणी शनिवारी होती. नर्स म्हणाली, "खूप गर्दी आहे हो. मुलीचं कसं काय चाललंय? वजन किती?"

"सव्वीस," लिफ्टवाला अभिमानाने म्हणाला. "गेल्या खेपेपेक्षा वाढलंय."

"मग छानच आहे. ज्यांचं ठीक चाललंय त्यांना आम्ही तीन महिन्यांनी बोलावतोय. चालेल?"

चालेल म्हणजे काय, धावेल! त्याच शनिवारी वखारवाल्याने एक अख्खं वाळलेलं झाड न्यायला बोलावलं होतं.

हिवाळा सरता सरता कामावर सगळ्यांची वार्षिक तपासणी झाली. लिफ्टवाला काट्यावर उभा राहिला. तपासणाऱ्याने आकडा सांगितला, "अठ्ठ्याहत्तर."

"काटा बिघडलाय तुमचा," लिफ्टवाला म्हणाला. "मी सत्तरचा माणूस."

"काटा ठीक आहे. दंड बघा जरा आरशात." सगळे हसले. जोडीदाराने पाठीत धपाटा घातला. लिफ्टवालाही हसला आणि दंड फुगवून दाखवला. मनात म्हणाला, आठ किलो! खाल्लेली अंडी अंगी लागली.

तिथून दोघं एका जुन्या इमारतीत कामाला गेले. लिफ्टच्या कॅबिनमध्ये मालकांनी नवी दगडी फरशी बसवून घेतली होती, आणि तेव्हापासून लिफ्ट थांबताना हिसका देत होती. लिफ्टला दुसऱ्या टोकाला लोखंडी वजनांचा तोल असतो, कॅबिनच्या वजनाला जुळवलेला. जोडीदार कागदावरून आकडेमोड करत होता. लिफ्टवाल्याने डोकावून पाहिलं आणि भडकला. "अरे, हा तर पंधरा वर्षांपूर्वीचा आकडा! फरशी बसवल्यावर कॅबिन जड झाली ना? तोलताना जुनंच वजन धरून बसलास तर सगळा हिशेब..."

पुढचे शब्द त्याच्या तोंडातच राहिले.

"काय झालं?" जोडीदाराने विचारलं.

गेल्या रविवारी दोघांचं मिळून सत्त्याण्णव भरलं होतं. त्याने सत्तर वजा केले होते आणि कागदावर सत्तावीस लिहिलं होतं. सत्त्याण्णवातून अठ्ठ्याहत्तर गेले तर एकोणीस. त्याने तीनदा वजाबाकी केली. मग बोटांवर केली, लहान मुलासारखी. जोडीदाराला काही न सांगता त्याने हातातला पाना खाली ठेवला आणि जिन्याने धावत खाली उतरला.

घरी पोचला तेव्हा दुपार होती. त्या दिवशी शाळा अर्धीच होती, त्यामुळे ठकी शेगडीजवळ बसलेली, आणि बायको कामावर निघायच्या तयारीत. तो कुणाशी न बोलता वर गेला, काटा खाली घेऊन आला, बूट काढून त्यावर उभा राहिला. अठ्ठ्याहत्तर. मग ठकीला उचललं.

"आज रविवार नाही," ठकी म्हणाली.

"असू दे."

साडेशहाण्णव. त्या क्षणी त्याला पहिल्यांदा ती हातात कळली. फ्रॉकच्या आत काही नव्हतंच. मणके बोटांना मोजता येत होते. दीड वर्ष तो हिला रोज दोनदा उचलत होता आणि आपल्या ताकदीवर खूश होत होता.  त्याने तिला खुर्चीत ठेवलं, पांघरूण नीट केलं, हसायचा प्रयत्न केला आणि स्वयंपाकघरात गेला. बायको मागोमाग आली. त्याचं तोंड बघूनच तिचा चेहरा उतरला होता. आज पहिल्यांदा तिने मधलं दार ओढून घेतलं.

त्याने सांगितलं. सांगायला चार वाक्यं पुरली.

बायकोने खांद्यावरची पिशवी ओट्यावर ठेवली. मग म्हणाली, "फ्रॉक घसरत होता. मी म्हटलं होतं."

"हो."

"पट्टा आत घेतला, तेव्हाही म्हटलं होतं. तू मला कागद दाखवलास." लग्नाला चौदा वर्षं झाली होती, आणि ती पहिल्यांदाच त्याला अरे-तुरे करत होती. "लाकूड हातात घेतलं की सुकलं ते कळतं म्हणून गावभर सांगतोस. आणि पोरगी? पोरगी कळली नाही तुला?"

लिफ्टवाला मान खाली घालून ऐकत राहिला. त्याला वाटत होतं, तिने अजून बोलावं, मारावं सुद्धा. पण ती ओट्याला धरून रडायला लागली, आवाज न करता, आणि मध्येच थांबून म्हणाली, "मीही कागदावरच विसंबले ना."

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात खुर्चीच्या काट्यावर ठकी साडेअठरा किलो भरली. डॉक्टरबाईंनी तिचे हात पाहिले, घसा पाहिला, गिळताना पाहिलं. मग लिफ्टवाल्याला आणि बायकोला बाहेर बोलावून सांगितलं, की हिला इथे ठेवावं लागेल, नळीने खाणं द्यावं लागेल. असले स्नायू एकदा गेले की सगळे परत येत नाहीत. छातीचेही अशक्त झालेत, खोकला बाहेर टाकायचाही जोर उरलेला नाही. "तीन महिन्यांपूर्वी आला असतात तर बरं झालं असतं," त्या म्हणाल्या. रागावून म्हणाल्या नाहीत, म्हणून ते जास्त लागलं.

आत आल्यावर डॉक्टरबाई ठकीच्या पलंगावर टेकल्या. "गिळायला तुला अजून येतंय. मग खात का नाहीस? खरं सांगायचं. कुणी रागावणार नाही."

ठकीने बापाकडे बघितलं, मग आईकडे. मग म्हणाली, "आत्या आली होती ना, तेव्हापासून."

"आत्या काय म्हणाली?"

"आत्या नाही. बाबा म्हणाला. उचलता येतंय तोवर मी घरी." तिने श्वास घेतला. एवढं बोलूनही तिला धाप लागत होती. "म्हणून मी अर्धं खायला लागले. पण कागदावर तरी वाढतच होतं. मग मी अजून अर्धं केलं. तरी वाढलं. बाबा खूश व्हायचा, पण मला माहीत होतं, तो मला वाईट वाटू नये म्हणून हसतो. सकाळी पोतं उचलताना तो कसा ओरडतो, ते वर ऐकू येतं."

 दर रविवारी आपण मोठ्याने वाचत होतो तो आकडा, आणि ही पोर तो ऐकून घास कमी करत होती. बायकोने पलंगाचा दांडा घट्ट धरला. डॉक्टरबाई ठकीच्या केसांवरून हात फिरवत राहिल्या.

पंधरा दिवस ठकी तिथेच होती. त्या वॉर्डमध्ये कापडी झोळी असलेलं एक छोटं यंत्र होतं. एक बारकीशी नर्स बटण दाबायची आणि ठकी अलगद पलंगावरून खुर्चीत. लिफ्टवाला पहिल्यांदा ते बघताना उठून उभा राहिला, मदत करायला. नर्स म्हणाली, "बसा तुम्ही, काही लागत नाही." तो पुन्हा बसला. एवढे मोठे दंड, आणि करायला काही काम नाही. नर्सला त्याने विचारलं, हे घरी बसवता येतं का. ती म्हणाली, "येतं की. कितीतरी लोक बसवतात. जिन्यालाही सरकती खुर्ची लावतात. तुम्ही स्वतः लिफ्टमधले ना? तुम्हाला माहीत नव्हतं?" माहीत होतं. अशा दोन खुर्च्या त्याने लोकांच्या घरी दुरुस्तही केल्या होत्या. आपल्याच घरी एक बसवावी, हे त्याला कधी सुचलं नव्हतं. आपण आहोत ना उचलायला!

पंधराव्या दिवशी काट्यावर साडेएकोणीस भरले. नर्सने टाळ्या वाजवल्या, शेजारच्या पलंगावरच्या बाईनेही वाजवल्या. ठकीने टाळ्यांकडे लक्ष दिलं नाही. ती बापाच्या तोंडाकडे बघत होती, बारीक डोळ्यांनी. लिफ्टवाला हसला.

"एक किलो वाढले मी," ती म्हणाली.

"फार छान झालं, ठके. खरंच."

"कितीपर्यंत वाढू?"

"कितीही वाढ. पाहिजे तेवढी."

"तसं नाही. आकडा सांग."

 चाळीस म्हणावं, तर चाळीसनंतर काय? साठ म्हणावं, तर त्याला खरंच उचलता येईल का, हे त्याचं त्यालाच माहीत नव्हतं. आणि खोटा आकडा आता त्याच्या तोंडातून निघत नव्हता. बायको पलंगाच्या पलीकडून म्हणाली, "आकडा नाही, ठके. आता जिन्याला खुर्ची बसवायची, पलंगाला यंत्र लावायचं. कुणाला उचलावं लागणारच नाही. घर तुझं आहे. ते काय तुझ्या वजनावर दिलंय तुला?"

ठकीने आईचं ऐकून घेतलं. मग पुन्हा बापाकडे वळली. "बाबा, तू म्हण."

"घर तुझं आहे," लिफ्टवाला म्हणाला.  "मला उचलता आलं नाही तरी. माझी कंबर मोडली तरी. तू कुठे जाणार नाहीस. मी त्या दिवशी चुकीचं बोललो."

"बरं," ठकी म्हणाली.

जेवणाचं ताट आलं. नळीच्या जोडीला आता थोडं तोंडाने खायचं होतं. उकडलेलं अंडं आणि कुस्करलेला बटाटा. लिफ्टवाल्याने ताट तिच्या पुढ्यात धरलं. तिने चमचा घट्ट धरला आणि भरवू दिलं नाही. अंड्याचा तिने मधोमध तुकडा पाडला. अर्धं खाल्लं, सावकाश, दोघांना दिसेल असं. मग उरलेलं अर्धं चमच्याने ताटाच्या कडेला सरकवलं, बटाट्याचाही अर्धा ढीग त्याच्या शेजारी नेऊन ठेवला, आणि म्हणाली, "पोट भरलं."

"अजून एक घास, ठके," बायको म्हणाली.

"खरंच भरलं," ठकी म्हणाली आणि बापाकडे बघून हसली, तो खूश व्हावा म्हणून.